दोन बोटं ओल

भुताखेताच्या गोष्टी वाचून मी हसणारा माणूस. कंपनीत क्वालिटीला आहे, मोजपट्टी लावल्याशिवाय काही मानत नाही. तरी हे लिहितोय... आणि लिहितानासुद्धा किळस येतेय.

चिकलठाण्याला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बाबा गेले आणि मागे चार फुटी फिशटँक ठेवून गेले. मला त्याचा पहिल्यापासून तिटकारा. पण आई म्हणाली, "त्यांचा जीव होता रे त्याच्यात. राहू दे."

या मे महिन्यात टँकचं पाणी तापलं, मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. बाबा करायचे तसं मी झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन लावला. पाणी गार झालं, पण रोज दोन बोटं उडून जायचं. जाणार कुठं? घराच्या हवेत! बाबा खिडक्या सताड उघड्या ठेवायचे. मी खिडकीत कूलर बसवून बाकी सगळ्या बंद केल्या होत्या.

त्यात आमच्या नळाला पाणी आठ दिवसांनी. टँकमधून काढलेलं घाण पाणी फेकायला जीव होईना. बाबा ते कुंड्यांना घालायचे. मी दीडशहाणा, कूलरमध्ये ओतलं! दोन दिवसांत कूलरच्या गवतावर शेवाळ, उशा चिकट, भाकरीलाही माशांचा वास. घास तोंडात फिरायचा. आणि आईचा दमा असा उसळला की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला झापलं – घरात ओल अजिबात नको.

आई घरी यायच्या आत मासे दुकानदाराला देऊन टाकले, टँक आणि कूलर भंगारात घातला, भिंतीला चुना मारला. बाहेर ऊन असं, की धुतलेली चादर पंधरा मिनिटांत कडक.

तिसऱ्या दिवशी टँक होता त्या भिंतीवर ओल आली. बोट लावलं तर हिरवट, बुळबुळीत... शी! लांबी बरोबर चार फूट. वरची कड टँकमधल्या पाण्याच्या उंचीला. प्लंबरने भिंत ठोकून पाहिली. "साहब, इसमें तो पाइपच नहीं है," म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

मी पेन्सिलीने खुणा करायला लागलो. कड रोज दोन बोटं खाली यायची. आठव्या दिवशी नळाला पाणी आलं आणि कड पुन्हा होती तिथं!

"भरलं असंल त्यांनी," आई शांतपणे म्हणाली. "नळाच्या दिवशीच भरायचे ना." तिला मात्र त्या दिवसांत साधा खोकलाही नव्हता.

मग कुठंतरी पाइपलाइन फुटली. नळाचा दिवस कोरडाच गेला. ओल उतरत उतरत फरशीला टेकली आणि त्याच संध्याकाळी आईचा श्वास अडकला. पंप दिला, वाफ दिली, काही उपयोग नाही. ओठ निळे पडायला लागले.

"पाणी... भिंतीला घाल," ती कशीबशी म्हणाली.

मी माठातून तांब्या भरला आणि भिंतीवर फेकला. ओल सरसर वर चढली. आईने एक लांब श्वास घेतला.

डॉक्टर म्हणतात, योगायोग. असेल. पण रोज संध्याकाळी मी त्या भिंतीवर तांब्या ओततो. हाताचा बुळबुळीतपणा साबणानेही जात नाही, त्याच हाताने जेवावं लागतं. आतून आई विचारते, "भरलं का रं?"

ओकारी गिळून मी म्हणतो, "व्हय, भरलं."