विहिरीतली उडी आणि गोऱ्हा

वकिलीची परीक्षा पास होऊन मी धुळ्यात वडिलांच्या हाताखाली काम करू लागले, तेव्हा एक गोष्ट मला पाढ्यासारखी पाठ होती. मोबदला नाही तर करार नाही. आणि पहिलाच पक्षकार आला तो मोबदल्याचं नावही काढू न देणारा.

साक्रीकडचा शेतकरी. शेजारचे आबा विहिरीत पडले तेव्हा यानं उडी टाकून त्यांना वर काढलं होतं. पुढे याचा एक बैल मेला. त्या पोळ्याला आबांनी मारुतीसमोर, गावादेखत शब्द दिला, "तू माझा जीव वाचवलास. माझ्या गाईच्या गोऱ्ह्याचं दूध तुटलं की तो तुझा." पोळ्याला मारुतीसमोर दिलेला शब्द आमच्याकडे कोणी कागदावर मागत नाही. पण दूध तुटायच्या आत आबा गेले, आणि मुलगा म्हणाला, फुकटच्या शब्दाला कसलं मोल? एका बैलावर पेरणी किती दिवस रेटायची, गोऱ्हा वाढला तर जोडी होईल, म्हणून हा आमच्याकडे आला.

मी खोदून खोदून विचारलं, उडी टाकण्याआधी काही ठरलं होतं का? त्याचा चेहरा उतरला.

"ताई, मी काय गोऱ्हासाठे उडी टाकी का? मानूस बुडी राह्यना व्हता."

मी कपाळावर हात मारला. बाबांनी मान वर न करता म्हटलं, "अगं, हेच तर हवंय," आणि करार कायद्याचं पंचविसावं कलम माझ्यापुढे सरकवलं. त्यातले अपवाद मी परीक्षेपुरते वाचले होते. कोणी आपणहून दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्यानं मागाहून त्याची भरपाई कबूल केली, तर तो शब्द बांधतो. इंग्रज साहेबाच्या अमदानीत हे लिहिणाऱ्याला आमच्या साक्रीकडची विहीर कशी दिसली असेल?

कोर्टात समोरच्या वकिलांनी आमच्या पक्षकाराला ऐटीत विचारलं, "उडी टाकताना काही मागितलं होतं?"

"नाही."

"काही ठरलं होतं?"

"काहीच नाही."

ते खुशीत खाली बसले. बाबा उठले आणि म्हणाले, "साहेब, यांनी आमचंच काम केलं."

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी हरखून गेले, पण तो बाहेर व्हरांड्यात खाली मान घालून उभा होता. बाबांना म्हणाला,

"नाना, म्हनजे मनी उडी इकाई गई का?"

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही भाऊ. उडी विकली गेली नाही, ती तुमचीच आहे. कोर्टानं फक्त आबांचा शब्द पाण्याबाहेर काढला."

तेव्हा कुठे तो गोऱ्हा आणायला, गावाची एसटी धरायला स्टँडकडे निघाला.