श्वास न घेणारा आवाज

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही, नुसता आवाज आहे.

भर दुपार. नाशकात पेठ रोडच्या मागे असलेल्या वस्तीतली एक अरुंद गल्ली उन्हाने पांढरी पडली आहे. कुत्रीसुद्धा ओट्यांच्या सावलीला गेली आहेत. कोपऱ्यावरून एक रिक्षा अगदी सावकाश वळते. टपावर भोंगा बांधलेला. त्यातून एक भरदार, मुरलेला आवाज येतो आणि पत्र्यापत्र्यावर आदळत वस्तीभर पसरतो. "बंधू आणि भगिनींनो! घराघरात धान्य! हाताला काम! म्हाताऱ्या माणसाला आधार!"

ओट्यावर हर्षाली उभी आहे. तिच्या शेजारी लोखंडी खुर्चीत गोरक्षनाना बसले आहेत. आवाज त्यांचा आहे. पण नानांचे ओठ मिटलेले आहेत. गळ्याशी एक भोक आहे, त्यावर मलमलीचा पांढरा रुमाल बांधला आहे. रुमाल आत जातो, बाहेर येतो. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी नानांचा कंठ काढून टाकला. त्यानंतर त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालेलं नाही.

आणि रिक्षा मात्र बोलत बोलत पुढे सरकते आहे.

हर्षाली पिंपळगाव बसवंतची, नाशकात राहून राज्यशास्त्रात पीएच.डी. करणारी. निवडणुकीत पक्ष 'सगळ्यांना देऊ' म्हणतात, तेव्हा त्या 'सगळ्यां'त कोणाला धरतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हा तिचा विषय. पुढाऱ्यांची भाषणं वर्तमानपत्रात मिळत होती. तिला हवं होतं गल्लीबोळात कानावर पडणारं बोलणं. म्हणून ती मांडववाले, भोंगेवाले यांच्याकडे फिरली, जुन्या कॅसेटी आणि पेन ड्राइव्ह गोळा केले. खोलीवर बसून एकामागून एक लावू लागली, आणि मध्येच थांबून पहिली कॅसेट पुन्हा लावून पाहिली. पक्ष वेगळे, वर्षं वेगळी, एकमेकांना शिव्या देणाऱ्या घोषणा वेगळ्या. आवाज एकच.

शोधत शोधत ती नानांच्या ओट्यावर पोहोचली. तरुणपणी नाना जत्रेतल्या नाटकांत राक्षस करत. गॅसबत्त्या गेल्या, ती नाटकं गेली, मग तो कसलेला गळा प्रचाराच्या रिक्षात जाऊन बसला.

"सगळ्याच पक्षांचं बोललात नाना? तुम्ही स्वतः कोणाच्या बाजूचे?" तिने विचारलं होतं.

"मी गळ्याच्या बाजूचा," नाना खो खो हसले. "पोरी, कोणीही पडो, मी दर खेपेला निवडून येतो!"

"म्हणून तर पाच-पाच वर्षं घरातलं एक काम करत नाहीत," आतून त्यांच्या बायकोने, नवसाबाईंनी, टोला हाणला.

ओट्यावर तेव्हा तिसरंही कोणी होतं. कुसाबाई. सुरगाण्याकडची, द्राक्षाच्या छाटणीला म्हणून आलेली आणि इथेच राहिलेली. रोज दुपारी ती नवसाबाईंबरोबर झेंडूचे हार ओवायची. दोघींच्या सुया चालायच्या आणि नाना मध्ये बसून राक्षसांचे संवाद म्हणायचे. "हळू रं नाना," कुसाबाई म्हणायची, "फुलं गळत्यात."

रेकॉर्डिंग ऐकताना हर्षालीच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. धान्य, पाणी, घर, सगळं नाना तोंड भरून बोलत. पण 'बाहेरच्यांना हाकला' या जातीचं एकही वाक्य त्यांच्या आवाजात सापडत नव्हतं. ती वाक्यं दुसऱ्याच कोणाच्या आवाजात असायची.

"असले कागद यायचे," नाना म्हणाले. "मी परत करायचो. राक्षस मी पुष्कळ केले, पण राक्षसाच्या तोंडाला रंग असतो. लोकांना माहीत असतं, हा आपला गोरक्ष. खेळ संपला की तेच चहा पाजतात. भोंग्याला तोंड नसतं पोरी. त्यातला शब्द ऐकणाऱ्याच्या घरात शिरतो, आणि मग निघत नाही."

मग गळ्याचं दुखणं आलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाना घरीच उशाला टेकून बसले आणि पीएच.डी.वरून हर्षालीला चिडवत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मोबाइल चालू ठेवा. शेवटचं वाक्य असं टाकतो की टाळी पडली पाहिजे." हर्षालीने मोबाइल पलंगावर ठेवला. नाना डोळे मिटून वाक्य जुळवत राहिले. तेवढ्यात दारात कोणी आलं, नाना तिकडे बघून काहीतरी बोलले, आणि अशी ढास लागली की नवसाबाईंनी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "आता एक शब्द नाही," त्या म्हणाल्या. टाळीचं वाक्य राहूनच गेलं. हर्षालीने ते रेकॉर्डिंग पुन्हा कधी ऐकलं नाही.

आणि आता महापालिकेच्या निवडणुकीत ही रिक्षा. पहिल्या दिवशी नवसाबाईंच्या हातून परात पडली. नवरा समोर खुर्चीत मुका बसलेला आणि त्याचा आवाज रस्त्याने चाललेला. धान्य झालं, काम झालं, आणि मग त्याच मायाळू सुरात पुढचं वाक्य आलं. "पण बाहेरून आलेल्यांना दाणासुद्धा नाही! तुमच्या शेजारी कोण राहतं, ओळखा!"

त्या दुपारपासून कुसाबाई ओट्यावर आली नाही.

हर्षाली ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. काहीतरी चुकत होतं. हळूहळू उमगलं. नाना 'बंधू' म्हणण्याआधी छाती भरून श्वास घेत. प्रत्येक जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो होता. हा आवाज श्वासच घेत नव्हता. लांबच लांब वाक्यं, आणि मध्ये कुठेही हवा नाही.

सगळी जुनी रेकॉर्डिंगं तिनेच तर सिडकोतल्या एका स्टुडिओत दिली होती. "खरखर काढा, श्वासाचे आवाज काढा, शब्द स्वच्छ हवेत," असं तिनेच सांगितलं होतं. ती तशीच तिथे गेली. स्टुडिओवाला खांदे उडवून म्हणाला, "ताई, आता माणूस लागतो कुठे? स्वच्छ आवाज मशीनला दिला की पाहिजे ते बोलून घेता येतं. गिऱ्हाईक आलं, दिलं."

तिने नानांना सगळं सांगितलं. नाना रागावले नाहीत. मग आता बोलण्याऐवजी वापरत त्या पाटीवर लिहिलं, 'कुसा'. पाटी घेतली आणि उठले.

तर पडदा वर गेला, तीच ही दुपार. रिक्षा कोपऱ्याआड गेली, तशी दोघं गल्लीच्या टोकाला कुसाबाईच्या दाराशी पोहोचली. दार अर्धंच उघडलं.

"जाता जाता बोलून ठेवलंस ना नाना?" कुसाबाई आतूनच म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आधी? मला शेजारीण म्हनायचास."

नानांनी जोराने मान हलवली. पाटीवर भराभर लिहिलं आणि पुढे धरलं. कुसाबाईने पाटीकडे पाहिलंच नाही. तिला वाचता कुठे येत होतं? ते आठवल्यावर नानांचा हात हळूच खाली आला.

तेवढ्यात वस्तीला वळसा घालून रिक्षा पलीकडून पुन्हा गल्लीत शिरली.

"बंधू आणि भगिनींनो!"

आणि नानांचे ओठ हलले. आयुष्यभराची सवय. शब्द कानावर पडले की ओठ आपोआप चालत. घराघरात धान्य, हाताला काम. ओठ आणि आवाज इतके जुळले, की हर्षालीलाही क्षणभर वाटलं, नाना बोलताहेत.

"बघ! त्याचंच तोंड हाय!" कुसाबाई ओरडली.

"पण बाहेरून आलेल्यांना दाणासुद्धा नाही!"

ओठ थांबले. हे वाक्य त्यांना पाठ नव्हतं. नानांचं तोंड तसंच उघडं राहिलं, निश्चल, आणि त्यांचाच आवाज पुढे बोलत राहिला. जणू त्यांच्या आत दुसरं कोणी बसलं होतं आणि त्याला त्यांच्या तोंडाची गरज उरली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रुमाल आत, बाहेर, आत, बाहेर.

कुसाबाईचा चेहरा उतरला. "नाना," ती कुजबुजली, "हे कोन बोलतंय?" आणि भिऊन ती दार लोटू लागली.

"थांब कुसामावशी!" हर्षालीने दारात पाय घातला. ते रेकॉर्डिंग तिला आत्ता आठवलं होतं. त्या दिवशी दारात कोण आलं होतं, तेही. "तो नाना नाही. नाना हा आहे. हा ऐक."

तिने मोबाइल वर धरला. आधी नुसती खरखर. मग भांड्याचा आवाज, पलंगाची करकर. मग एक श्वास, खोल, घरघरता, छाती भरून घेतलेला. कुसाबाईची नजर मोबाइलवरून नानांच्या रुमालाकडे गेली आणि तिथेच थांबली. कडीवरचा तिचा हात सुटला.

आणि मोबाइलमधून नाना बोलले, त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं:

"अगं कुसा, दारात काय उभी राहिलीस? आत ये की. तू काय परकी हाय का?"