पेटीचं झाकण

"घाई असेल त्यानं चालत जावं," असं पाववाले काका उठता-बसता म्हणायचे. त्यांची घोडागाडीच एवढी सावकाश जायची, की त्यात खोटं काही नव्हतं.

पहाटे भट्टीवरून निघाले की पाव गरम आणि काका अर्धे झोपेत. लगाम नुसता गुडघ्यावर पडलेला. धुक्यातून एकेक दार तरंगत यायचं आणि गिऱ्हाइकाच्या दारी घोडा आपणच थांबायचा. काका पाव द्यायचे, पत्र्याच्या पेटीचं झाकण आपटायचे. तो आवाज आला की घोडा पुढे निघायचा. एकोणीस वर्षं हेच. शिंपीणबाई वारल्या, तरी त्यांच्या कुलूपबंद दारापुढे तो थांबायचाच. काका तिथेही उतरायचे, उगीच झाकण वाजवायचे आणि पुन्हा चढून बसायचे.

मग घोड्याचा पुढचा गुडघा सुजला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ओझं बंद.

"नुसतं उभं जनावर कुठवर पोसायचं?" काकू म्हणाल्या. "घरात बसून खाणारे तुम्ही एक आहात तेवढे पुरेत."

"मी निदान भांडी विसळतो."

"विसळता? निम्मी फोडता."

बोलणं हसण्यावारी गेलं, पण काकांना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच व्यापाऱ्याला निरोप धाडला. म्हातारी जनावरं नेऊन तो त्यांचं काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नसे.

व्यापारी सकाळी आला. त्यानं घोड्याचे दात पाहिले, काकांच्या हातात पैसे ठेवले आणि दोर धरून निघाला. काका रिकाम्या तबेल्यात पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले.

बाहेर पडायचा रस्ता पावाच्या फेरीचाच. पहिल्या दारी घोडा थांबला. व्यापाऱ्यानं ओढलं, चुचकारलं, शिव्या घातल्या. घोडा अर्धे डोळे मिटून उभा, जसा काही तो दुसऱ्याच कुठल्या सकाळी चालत होता. शेजारच्यानं पत्र्याचं फाटक धाडकन लोटलं तेव्हा कुठे हलला, आणि पुढच्या दारी पुन्हा खांबासारखा उभा.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा व्यापारी घामाघूम होऊन एकटाच परत आला. "काका, चौथ्या दाराशी खिळलाय. कसा हलवता याला?"

काकांचा हात झाकणावर होता. त्यांनी तो तिथेच दाबून धरला.

"घाई असेल त्यानं चालत जावं."

"द्या माझे पैसे. तुमचं रत्न तुम्हालाच लखलाभ."

तो गेल्यावर काकूंनी विचारलं, "झाकणाचं का नाही सांगितलंत?"

"त्यानं दात पाहिले. कानांचं विचारलंच नाही."

"आणि उद्या गाडी कोण ओढणार?"

"मी. मला कुठे घाई आहे?"

दुसऱ्या पहाटे काका हातगाडी ढकलत निघाले. मागे घोडा, पाठ मोकळी, किंचित लंगडत. काकू उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. पहिल्या दारी दोघं थांबले, झाकण वाजलं, दोघं निघाले. मग धुक्यात आधी काका विरले, मग घोडा. काकू मात्र शिंपीणबाईंच्या दारचं झाकण वाजेपर्यंत तिथेच उभ्या होत्या.