पूनमचा घण अर्ध्यात थांबला

घण खांद्याच्या वर गेला आणि तिथंच थांबला. पूनमनं तो हळूच खाली घेतला, जमिनीवर टेकवला आणि मागं सरकून उभी राहिली. फोरमननं सांडशीत धरलेली वखराची पास, म्हणजे माती खरवडणारं लोखंडी पातं, लालभडक होती, ती बघता बघता काळी पडली.

"अवं, मार ना!" फोरमन ओरडला. "जॉब थंडा होऊन राह्यला!"

जॉब म्हणजे नोकरी नव्हे. आमच्या धंद्यात ज्या तुकड्यावर काम चालू असतं त्याला जॉब म्हणतात. त्या दिवशी मात्र दोन्ही जॉब एकदमच थंड व्हायला निघाले होते.

"पाहिलं ना, शेख सर?" कारखान्याचे मालक राठी शेठ म्हणाले. "अर्ध्यात सोडून दिलं. मी तुमाले पहिलेच सांगितलं होतं, हे लोक टिकत नाहीत."

माझं डोकं सणकलं. शेठवर कमी, पूनमवर जास्त.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर आहे. घर घाटंजीचं. आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, अब्बा ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, मी वेल्डिंग शिकवतो. लोखंड सोडून आमच्या घराण्यात कोणाला काही येत नाही. पण शिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पोरापोरींना कामाला चिकटवणं. सरकारी भाषेत त्याला प्लेसमेंट म्हणतात. खरं पाहिलं तर चपला झिजवणं.

पूनम साळुंके माझी विद्यार्थिनी. समाज घिसाडी. रस्त्याच्या कडेला पाल ठोकायचं, भाता लावायचा, विळे-कुऱ्हाडी घडवायच्या आणि हंगाम सरला की पाल उचलून पुढच्या गावी जायचं, ही त्यांची रीत. त्यांच्यात पुरुष सांडशी धरतो आणि घण बाई मारते. पूनम वर्षभर शिकत होती म्हणून तिचे वडील किसनभाऊ घाटंजीच्या बाहेर एकाच जागी थांबून होते. धंदा बसला, तरी थांबले. मग एक दिवस ते आयटीआयच्या फाटकाशी आले.

"सर, दिवाई झाली की पाल हलते," ते म्हणाले. "तवरक पोरीले काम लागलं तर ते राहीन. नाही लागलं तर संगं नेतो, अन् लगन करून टाकतो. मंग मले बोल लावजा नका."

बोल कशाला लावू? माणसानं शब्द पाळला होता. आता माझी पाळी होती.

मी तिला घेऊन यवतमाळच्या एमआयडीसीत फिरलो. वेल्डिंगची बीड, म्हणजे जोडावर वितळलेल्या धातूची जी रेघ उमटते ती, तिची एकसारखी येते. सगळ्यांनी ती पाहिली, वाहवा केली, आणि मग विचारलं, "घर कुठं?" पोरगी सरळ सांगायची, "पाल हाय." की झालं. "कळवतो सर." आजवर एकानं कळवलेलं नाही.

राठी शेठ तयार झाले, कारण त्यांच्या स्मिथीत, म्हणजे लोखंड तापवून ठोकायच्या विभागात, कोणी टिकत नव्हतं. अट एकच. नवा माणूस आधी स्मिथीत, मग वेल्डिंगला. मी मनात म्हटलं, घ्या, मासोळीला पोहायची परीक्षा! आणि नेमकी तिथंच पोरगी थांबली.

फाटकाबाहेर चहाची टपरी होती. मी तिला बाकावर बसवलं आणि चांगलं फैलावर घेतलं. "काहून थांबली वं? नाक कापलं माझं!"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. "सर, त्यानंच तं थांब म्हटलं!"

"कधी? मी काय बहिरा आहे?"

"ऐरणीवर हातोडा वाजवला ना त्यानं. रिकाम्या ऐरणीवर."

मग तिनं समजावून सांगितलं. सांडशी धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात छोटा हातोडा असतो. तो लोखंडावर जिथं टेकवेल, तिथं घण मारायचा. पण तोच हातोडा लोखंड सोडून रिकाम्या ऐरणीवर वाजला, तर त्याचा अर्थ थांब. त्या वेळी त्याचा हात मधे येणार असतो. भट्टीपाशी बोलण्याची सोय नसते, भात्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून हा खणका.

"माह्या आजीनं एक डाव खणका ऐकला नव्हता," पूनम म्हणाली. "आजाचं बोट गेलं. तवापासून आमच्या घरी खणका झाला की घण खाली. इचारायचं नाही."

फोरमन वानखडे मात्र शहरातल्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला. त्याचा हातोडा दोन घावांच्या मधे ऐरणीवर उगाच नाचत होता, ताल धरल्यासारखा. त्याच्या लेखी त्याला काही अर्थ नव्हता. हिच्या लेखी तो हुकूम होता.

चहा तसाच टाकून मी उठलो. "चाल."

"कुठं?"

"आत. अजून कुठं!"

शेठ डबा उघडून बसले होते. मला पाहून म्हणाले, "सर, आता कायले टाइम खराब करता?"

"दहा मिनिटं द्या. तुमच्या फोरमनलाच एक पास ठोकायला लावा. आणि फक्त ऐका."

वानखडे फुरंगटला. "मी काय वाजवतो? मी काही वाजवत गिजवत नाही." पण ठोकायला लागला. टण, आणि मधे टिकटिक. टण, आणि पुन्हा टिकटिक. बाजूला उभ्या हेल्परला आधी हसू फुटलं. मग खुद्द वानखडेच थांबून आपल्या हाताकडे पाहायला लागला.

"आयला, हाव की बाप्पा!" तो म्हणाला. "रिकामा राहतच नाही लेकाचा."

मी खणक्याचा अर्थ सांगितला. वानखडे भला माणूस, लगेच म्हणाला, नाही वाजवत. पुन्हा लोखंड तापलं, पूनमनं घण उचलला, दोन घाव बसले, आणि ह्याचा हातोडा पुन्हा नाचला. घण हवेतच अडकला. शेठनी जीभ टाळ्याला लावून च्च् केलं.

पण या वेळी पूनम मागं सरली नाही. घण तसाच धरून ओरडली, "फोरमनसाहेब, तुमची सवय जात नाही. तुमी वाजवा! थांबायचं असन तं तोंडानं 'बस' म्हणा. पर म्हणजा मात्र, इसरजा नका!"

"म्हणतो!"

मग जे चाललं ते पाहताना मला घाम फुटला. प्रत्येक टिकटिकीला तिचे खांदे अडखळायचे. लहानपणापासून हाडात मुरलेली गोष्ट ती त्या क्षणाला मोडत होती, आणि समोर माणसाचा हात होता. दात आवळून मारत राहिली. वानखडे "बस!" म्हणाला आणि घण जागच्या जागी थांबला. त्यानं पास उलटी केली. "हं!" पुन्हा घाव. शेवटी पास पाण्यात बुडवली, चर्र झालं, आणि वानखडेनं ती डोळ्यासमोर धरून पाहिली.

"सरळ आली, शेठ. ठेवून घ्या."

"काम ठीक आहे," शेठ म्हणाले. "काम येत नाही असं नाही म्हणून राह्यलो मी. पण उद्या पाल गुंडाळून निघून गेली तर?"

आता मात्र माझा तोल गेला. "शेठ, तुमचे पणजोबा राजस्थानातून इथं आले, तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का, परत कधी जाता म्हणून?"

शेठ आधी लाल झाले. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं. "तुमी मास्तर लोक लय बोलता," ते म्हणाले. "सोमवारपासून येऊ द्या तिले."

खोली मिळवणं हे वेगळंच लफडं झालं. कायमचा पत्ता विचारून घरमालक दारं बंद करत गेले. शेवटी वानखडेच्या मेहुणीनं मागची खोली दिली. दिवाळी झाली आणि पाल हललं. किसनभाऊ लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. आई मात्र मोठ्यानं रडली. मीही रुमाल काढला, लपवायचं काय त्यात.

पुढं काही महिन्यांनी शेठचा फोन आला. आवाज पडलेला.

"सर, वानखडे गेला ना चाकणले. सांगितलं बी नाही, काही नाही. दोन हेल्पर घेऊन गेला."

"अन् पूनम?"

"ते कुठं जाते! तेच तर चालवून राह्यली स्मिथी. सांडशी तिच्याच हातात आहे आता. पण घण मारणारा कोणी तिले पसंतच पडत नाही. म्हणते, माह्या आईले बोलवा. सर, येईन का हो तिची आई?"

"पाल सध्या नांदेडकडे आहे, शेठ. निरोप देतो. वाट पाहा."

तेव्हापासून एक नियम केला आहे. नव्या मालकाच्या केबिनमध्ये शिरलो की त्यानं तोंड उघडायच्या आत मीच विचारतो, "तुमच्याकडची माणसं टिकतात का हो?"