सुरेशदादाच्या नावाची चावी

मंडळी, आज सकाळी रसायनीच्या कारखान्यातून गेटवरच्या काकांचा फोन आला. "साहेब, मशीन बोलतंय ओळख पटत नाय. चार टँकर उभे हायत."

मी कर्जतला घरून काम करतो. गेटवरची टँकरची नोंद ऑफिसच्या सिस्टीमला पोचवणं माझ्याकडे आहे. प्रत्येक नोंदीसोबत एक गुप्त चावी, म्हणजे पासवर्डसारखा कोड, जाते. ती खरी असेल तरच नोंद आत घेतली जाते.

शोधलं, तर चावी सुरेशदादाच्या नावावर निघाली. दादा माझा सीनियर, खोपोलीचा. मागच्या महिन्यात हार्ट अटॅकने गेला. काल नियमाप्रमाणे त्याचं सिस्टीमवरचं खातं बंद झालं, आणि त्यासोबत चावीही.

चावी माणसाच्या नावावर काढायची नसते, हे मला त्यानेच शिकवलेलं. स्वतः मात्र घाईत आपल्याच नावावर काढली आणि म्हणाला होता, "तात्पुरतं हाय रं, उद्या बदलू." त्याला सहा वर्षं झाली.

नवी चावी तयार होईपर्यंत परवानगी काढून त्याचं खातं पुन्हा चालू केलं. स्क्रीनवर ओळी येऊ लागल्या. सुरेश, ओळख पटली. सुरेश, ओळख पटली. चारही टँकर आत गेले.

मग नवी चावी लावली आणि त्याचं खातं माझ्या हाताने बंद केलं. जुनी चावी खरंच बंद झाली का, ते एकदा वापरून बघायचं असतं. ही सवयही त्याचीच.

बघितलं. सुरेश, ओळख पटत नाही.

म्हणजे काम बरोबर झालं. रिपोर्टमध्ये स्क्रीनवरचं तेवढं एक वाक्य लिहायचंय, ते अजून लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी लिहिलंय का असं?