रिठावरच्या वाटा

रामटेकजवळच्या आमच्या गावालगत एक रीठ होतं, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी उठून गेलेलं गाव. घरांच्या जागी मातीचे उंचवटे आणि मधून गल्ल्यांच्या खोलगट वाटा, एवढंच उरलेलं. सदारामबाबा गुराखी गुरं त्या वाटांनीच वळणं घेत न्यायचा. मी उंचवट्यावरून सरळ निघालो की खेकसायचा, "लोकायच्या घरातून काहून चालला गा?"

म्हातारा भारीच हट्टी! मला राग यायचा.

पंचाहत्तर साली बाबा गेला. पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं रीठ सपाट केलं. वाट सरळ झाली म्हणून मी खूशच होतो. संध्याकाळी बाबाची गुरं परतली ती त्या मोकळ्या रानातून, पूर्वीसारखीच वळणं घेत. त्यांच्यामागे मीही वळलो.