मॉनिटरवरची ओढणी

मॉनिटरवर ओढणी टाकलेली होती.

"धुळीसाठी का, भाभी?" मी विचारलं.

"काढा, मग कळंल ताई," सलमाभाभी म्हणाल्या. "पर अब्बांना आत बोलवू नगा."

अब्बा म्हणजे भाभींचे सासरे, बादशाहचाचा. ते अंगणात आमच्याकडे पाठ करून बसले होते. रहिमतपुरात या दोघांचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं काम आहे. भाभी कॉम्प्युटरवर नक्षी काढतात, ती मशीनला कळेल अशा फाइलमध्ये बदलतात आणि मशीन ती ब्लाउजवर उतरवतं. मशीनवर बसतात चाचा. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, धाग्याचा ताण नुसत्या बोटाला कळतो. माझं उंब्रजला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांचं मशीन मीच जोडून दिलेलं.

मी ओढणी काढली. पडद्याच्या कोपऱ्यातून एकामागून एक चौकटी वर येत होत्या. रमी खेळा. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. आणि एक बाई, जिच्या अंगावर कपडा म्हणावा असं फारसं काही नव्हतं.

"नवरी अन् तिची आई माप द्याया आल्या हुत्या," भाभी हळू आवाजात म्हणाल्या. "अब्बा खुर्चीवर, अन् ही बया म्होरं. तवापास्नं त्यांनी मशीनला हात लावला न्हाई. म्हंत्यात, माझ्या हातनं घरात घाण आली. आता नवरीची हळद तोंडावर आलीया, अन् त्यांच्याबिगर मशीन चालवणार कोण?"

मला आधी हसू येत होतं. ते गेलं. पाच वेळची नमाज चुकवत नाही असा हा म्हातारा.

घाणेरडं काही कुणी पाहिलं नव्हतं. भाभी दुसऱ्या कामात असताना, गिऱ्हाइकानं दिलेलं एक चित्र फाइलमध्ये बदलायला चाचांनी नेटवरून फुकटचा कन्व्हर्टर घेतला होता. अशा फुकट्या प्रोग्रॅमबरोबर आणखी चारपाच गुपचूप येतात. गुपचूप म्हणजे विचारतात, पण कसं? टिक आधीच मारलेली, अक्षर मुंगीएवढं आणि Next चं बटण हे एवढं मोठं. चाचा Next दाबत गेले. मग ब्राउझरनं विचारलं, सूचना दाखवू का? चाचांनी Allow दाबलं. बाई आली ती त्या दारानं.

पहिल्यांदा नेटची वायर काढली. भाभींच्या सगळ्या नक्ष्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावली. एकाच दिवशी आलेली टोळी लगेच दिसते. हवामान सांगणारा गेला, सर्चवाला गेला. कॉम्प्युटर साफ करतो म्हणणारा काही केल्या हलेना. का काढताय, परत विचार करा, अशी गयावया. त्याला मी दोन शिव्या घातल्या आणि काढला. ब्राउझरमधल्या परवानग्या बंद केल्या, सगळं एकदा स्कॅन केलं. पडदा शांत झाला.

"आता पासवर्ड टाका," भाभी म्हणाल्या. "त्याबिगर काय आत येता कामा नये."

सल्ला बरोबर होता. पण चाचा दारात येऊन उभे होते.

"टाक पोरी," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा हात बांधून टाक."

मला राग आला, कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. मी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "चाचा, दर वेळी हो कशाला म्हणालात?"

"आगं, इतकं विचारतंय. दारात येऊन कुणी विचारलं तर न्हाई कसं म्हनायचं? आमच्या घरात तसली रीत न्हाई."

प्रोग्रॅम घेताना Default नाही, Custom निवडायचं, असं मी सुरू केलं, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. मशीनवर त्या नवरीची लग्नपत्रिका पडली होती.

"हे आवतण चूलबंद आहे का घरटी एक?"

आमच्याकडे चूलबंद म्हणजे अख्खं घर जेवायला, घरात चूल पेटवायची नाही. घरटी एक म्हणजे एकाच माणसानं जायचं.

"घरटी एक. हॉल ल्हान हाय त्यांचा."

"मग तुम्ही सगळं बिऱ्हाड घेऊन जाणार?"

"लाज काढतीस व्हय माझी?"

"ह्या प्रोग्रॅमला ती लाज नाही चाचा. तुम्ही एकाला बोलावता, तो बिऱ्हाड घेऊन येतो. त्यानं आधीच मारून ठेवलेली टिक म्हणजे त्याचं बिऱ्हाड. टिक काढायची, एकट्याला आत घ्यायचं. त्यात तुमची रीत मोडत नाही. मोडली ती त्यानं."

चाचांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "दाव बरं."

नेटची वायर जोडून, कन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून आम्ही तो परत घेतला. माउस चाचांच्या हातात. Custom दाबलं. पहिली टिक निघाली. "अन् ह्यो?" "तोही." दुसरी निघाली.

पासवर्ड मी टाकलाच. पण तो सांगितला एकट्या चाचांच्या कानात. भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. "म्हंजी आता मीच त्यांना इचारायचं?"

"व्हय," चाचा म्हणाले आणि सुईत धागा ओवायला लागले.

ब्लाउज हळदीआधी पोचले. पुढं काही आठवड्यांनी चाचांचा फोन आला. मागं मशीनची खडखड ऐकू येत होती.

"पोरी, आज एक आलता. संगती दोघं हुती. मी न्हाई म्हटलं."

"छान केलंत की."

"व्हय. पर मागनं जरा वाईट वाटलं गं."

तेव्हापासून दुकानात कुणी पॉप-अपनं भरलेला कॉम्प्युटर आणला, की मी खेकसत नाही. Next दाबणारा मूर्खच असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला फक्त दारात आलेल्याला नाही म्हणायची सवय नसते.